आवशीचा तंबाखू

"हा नको," म्हणत इद्रिसभाईंनी बाळारामच्या तळहातावरची चिमूट उचलून परत बरणीत टाकली. "इसमें अत्तर है. नव्या पोरांना आवडतो. तुमची जीभ सोलून काढेल. एकोणीस सालांनी परत सुरू करताय ना? मग हलका घ्या, ओलसर घ्या. आणि घाई नको. पहिले आठ दिवस धूर नुसता तोंडात फिरवायचा, छातीत न्यायचा नाही."

बाळारामने शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.

भिवंडीत तीन बत्ती नाक्याच्या मागच्या बोळात इद्रिसभाईंचं दुकान होतं. पुढे जर्दा आणि विड्यांची बंडलं. मागच्या फळीवर मात्र पाइपच्या तंबाखूच्या पाच बरण्या, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या. त्या बरण्यांची गिऱ्हाइकं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती.

बाळाराम तरे त्यातला एक होता एके काळी. खारबावचा माणूस. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात त्या सायझिंगमध्ये तेहतीस वर्षं बॉयलरवर काढली. बॉयलर बसवायला आलेल्या एका म्हाताऱ्या इंजिनियरने जाताना आपला पाइप त्याच्या हातात ठेवला होता. तो म्हणाला, विडी दर पाच मिनिटांनी विझते, पेटवायला उठलं की दाबाच्या काट्यावरची नजर हलते. पाइप एकदा भरला की तासभर सोबत करतो. बाळारामला ते पटलं. मग छाती भरली, बावीस दिवस हॉस्पिटलात काढले, घरी आल्यावर बायको म्हणाली, सोड, आणि त्याने सोडला. पाइप खाडीत फेकून दिला, असं तिने सांगितलं. 'एका दिवसात सोडला,' हे बाळाराम लग्नाच्या मांडवात, बारशाला, मयताला, जिथे चार माणसं बसतील तिथे सांगायचा. सांगण्यासारखं आयुष्यात तेवढंच केलं होतं.

बायकोला सारी आळी आक्का म्हणायची. ती जाऊन चौदा महिने झाले होते. मुलगा मनोज गोदामात ड्युटीला, नात पूर्वा शाळेत, सून दिपाली आपल्या कामात. दुपार काही सरायची नाही. दिवसातून एकच पाइप ओढायचा, पण चांगला ओढायचा, असं ठरवून बाळाराम त्या सकाळी दुकानात आला होता.

इद्रिसभाईंनी कागदावर तीन ढीग मांडले. पहिली पात पिवळी, तिला वाळल्या पेंढ्याचा गोडसर वास. दुसरी तपकिरी, शेंगांच्या टरफलांसारखी कोरडी. तिसरी काळी, लाकडाच्या धुरावर धरलेली. ती नाकाशी नेताच बाळारामला भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं.

"पहिल्याचे दोन भाग," तो म्हणाला, "आणि काळ्याचा एक."

इद्रिसभाई हसले. "वोही तो! बॉयलरवाला. एवढं हुंगलंत कशाला? तो तर मी दर महिन्याला बांधतोच. तुमच्या घरीच जातो."

"कुणाच्या घरी?"

"तुमच्या. आक्का नेतात ना. अमावस्येच्या, तुमच्या आवशीच्या आदल्या दिवशी, पन्नास ग्रॅम. तुम्ही आजारी पडलात तेव्हापासून. कुणासाठी, ते मी कधी विचारलं नाही."

बाळारामला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी गल्लत होतेय. "इद्रिसभाई, आक्का गेली. वर्षावर झालं."

तराजूवरचा हात थांबला. इद्रिसभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"इन्ना लिल्लाह. मला कुणी बोललंच नाही." मग अगदी हळू आवाजात, "तो फिर कल कौन आयी थी?"

"कोण?"

"डोक्यावरून पदर. तोंड बांधलेलं. धुळीपायी सगळ्याच बायका बांधतात, मी काय बघणार? डबा तोच, दंतमंजनाचा, झाकणाला पोचा पडलेला. मी विचारलं, आक्का, गुडघा कसा आहे? तिने नुसती मान हलवली."

बाळारामने पुडी घेतली. नवा पाइपही घ्यायचा होता, तो घ्यायचं राहून गेलं.

खारबावच्या नाक्यावर रिक्षातून उतरला तेव्हा साडेअकरा वाजले होते. ऊन टाळूवर आलेलं. घराकडे वळणार तोच खाडीकडून वाऱ्याची झुळूक आली, आणि तिच्यात तो वास होता. पिवळ्याचे दोन, काळ्याचा एक. बाळारामने पिशवीत हात घालून पुडी चाचपली. दोऱ्याची गाठ जशीच्या तशी होती. पुडीतल्या तंबाखूचा वास कच्चा असतो. हा पेटलेल्याचा होता. कुणीतरी ओढत होतं, सावकाश, सराईतपणे, तो स्वतः ओढायचा तसं.

तो वासामागे चालू लागला.

पूर्वी तिथे तऱ्यांचं खाजण होतं, खाडीकाठची भातशेती. आता एकाला लागून एक गोदामं. दोन पत्र्यांच्या भिंतींमधून वाट काढत वास पुढे पुढे जात होता. बाळाराम थांबला की तोही थांबायचा, म्हणजे विरळ व्हायचा. पाऊल उचललं की पुन्हा नाकाशी. शेवटच्या गोदामाच्या फाटकावर नवशा वॉचमन सावलीला बसला होता. पडघ्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा, चाळिशीचा माणूस. त्याने बाळारामला पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"बाबा, तुमीपन आलाव?"

"पन म्हंजे? अजून कोन आलंय?"

"ताई हायेत ना आत. तुमची सून. दर आवशीला येतात." नवशाने आवाज खाली आणला. "त्या गेल्याबिगर मी तिकडं फिरकत न्हाय. वास येतो नंतर. हितं आमी चारजन हाव, चौघंबी गुटख्यावाले. पाइप कुनाकडं हाय?"

बाळाराम आत गेला. गोदामाच्या मागच्या भिंतीपाशी जुन्या बांधाचा तुकडा राखला होता, कारण त्यावर चेडा होता. चेडा म्हणजे शिवेचा राखणदार. शेंदूर फासलेला गुडघ्याएवढा दगड. जमीन विकताना गावाने एकच अट घातली होती, दगड हलवायचा नाही. लहानपणी बाळाराम इथे बापाबरोबर येऊन विडी ठेवून जायचा. नंतर बॉयलर आला, आणि देव मागे पडला.

दिपाली समोरून येत होती. डोक्यावर पदर, तोंड ओढणीने बांधलेलं, हातात दंतमंजनाचा डबा. सासऱ्याला पाहून ती जागीच थिजली. मग तिने ओढणी सोडली.

"कनाला आलाव बाबा, कशापायी?"

"तू कनाला आलीस?"

बाळारामने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. दगडाच्या पायथ्याशी, पानावर, त्याचा पाइप होता. एकोणीस वर्षांपूर्वी खाडीत गेलेला. दांडीवर त्याच्याच दाताने पडलेली खाच दिसत होती. आणि वाटीच्या तोंडातून बारीक, निळा धूर उठत होता.

"पेटवलास तू?"

"न्हाय." दिपालीने मागे वळून बघितलं नाही. "मी कवाच पेटवत न्हाय. आक्का बोलल्या व्हत्या, भरायचा, ठेवायचा, आनी मागं न बघता निगायचं. दुसऱ्या आवशीला येते तवा आत राख असते. ती झाडते आनी परत भरते."

"कुनासाठी?"

"तुमच्यासाठी."

मग ती तिथेच उन्हात उभी राहून बोलली. बाळारामशी इतकं ती आठ वर्षांत बोलली नव्हती. तो हॉस्पिटलात होता, तेव्हा विसाव्या दिवशी डॉक्टरने आक्काला बाजूला बोलावून सांगितलं होतं, की माणसं बोलवून घ्या. आक्काने माणसं बोलावली नाहीत. ती इथे आली. त्याचा पाइप दगडापुढे ठेवला आणि म्हणाली, ह्याचा धूर तुला, ह्याचा श्वास मला. दर आवशीला पाइप भरीन, चुकले तर माझा श्वास ने. बाविसाव्या दिवशी बाळाराम आपल्या पायांनी घरी आला.

"सतरा-अठरा वर्सं एकबी आवस चुकली न्हाय," दिपाली म्हणाली. "मग गुडघा धरला त्यांचा. दोन आवशी त्या आल्या न्हाईत. कुनाला बोलल्याबी न्हाईत. तिसरी जवळ आली तवा मला बसवून सगळं सांगितलं, डबा दिला. दुसऱ्या दिवशी..."

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आक्का भिंतीला टेकली होती. बाळारामला ते सांगायची गरज नव्हती. तवा त्यानेच उतरवला होता.

"हे सगळं तू खरं मानतंस?"

"मी न्हाय मानलं. श्रावनात मी मुद्दाम आले न्हाय." तिचा आवाज फाटला. "पूर्वाला कसा ताप भरला व्हता, बघितलाव ना तुमी? छाती कशी वाजत व्हती पोरीची? चौथ्या दिवशी मी पळत आले हितं. घरी गेले तवा ती उठून पेज पीत व्हती."

बाळारामला आठवलं. त्या चार रात्री तो नातीच्या उशाशी बसला होता, आणि त्या पोरीच्या छातीतला आवाज त्याला ओळखीचा वाटला होता.

"मनोजला ठाव हाय?"

"न्हाय."

"घरी जा," तो म्हणाला. "डबा हितं ठेव."

ती जाईपर्यंत तो हलला नाही. मग बांधावर चढला. गोदामात जेवणाची सुट्टी झाली असावी, कारण कुठेच आवाज नव्हता, फक्त लांब कुठेतरी ट्रक मागे घेतानाची पिपाणी वाजत होती. त्याने खाली बसून पाइप उचलला. वाटी गरम होती. एकोणीस वर्षं लोकांना सांगितलं, एका दिवसात सोडला. सोडला कुठे होता? तो इथे होता, चालू होता, आणि त्याच्या नावाने दुसऱ्यांनीच किंमत मोजली होती.

राग आला त्याला. आक्काचा आला, दगडाचा आला, स्वतःचा तर फारच. माझी वस्तू आहे, मी परत घेतो, असं मनाशी म्हणून त्याने दांडी दातात धरली. खाच बरोबर बसली. त्याने ओढलं.

वाटीत निखारा फुलला. तंबाखू चुरचुरला. धूर दांडीतून येताना जिभेला लागला, गोड आणि मग कडू, अगदी तोच. बाळारामने तोंड उघडून तो सोडला, पण बाहेर काहीच आलं नाही. त्याने पुन्हा ओढलं, अजून जोरात, छातीपर्यंत. फुंकर मारली. भर दुपारच्या लख्ख उन्हात त्याच्या तोंडासमोरची हवा कोरी राहिली. खोकला नाही, ठसका नाही. आणि दगडाच्या मागच्या बाजूने, जिथे कोणी नव्हतं, निळ्या धुराची एक लड निवांत वर चढली.

पाइप त्याने दोन्ही हातांनी पानावर परत ठेवला. तेहतीस वर्षं वाफेशी वागलेला माणूस तो. दाब आहे म्हटल्यावर तो कुठून तरी निघणारच, आणि व्हॉल्व्हपाशी उभा असेल त्याला भाजणार, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तिथे आक्का उभी राहिली होती. आता दिपाली राहत होती, आणि तिच्या मागे ती पोर.

"पोरींना सोड," तो दगडाला म्हणाला. "ज्याचा हिशोब त्याच्याशी. दर आवशीला मी येईन. चालता येईल तवर चालत, न्हाईतर खुरडत. चुकलो तर मला ने, दुसऱ्या कुनाला न्हाय. आनी माझ्यामागं हितं कुनी येनार न्हाय. ते आत्ताच सांगतो."

दगड काय बोलणार? धूर तेवढा निघायचा थांबला.

त्यानंतर बाळाराम स्वतः जाऊ लागला. पहिल्या महिन्यात दिपाली उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "बाबा, मी येऊ संगती?" तो म्हणाला, "न्हाय. तू पूर्वाला शाळेतून आन." ती दोन महिने जागी राहून पोरीच्या छातीला कान लावून बघत असे. काही झालं नाही. तिसऱ्या महिन्यात ती शांत झोपली.

मांडवात बसल्यावर बाळाराम आता ती जुनी गोष्ट सांगेनासा झाला. कुणी आठवण काढलीच, तर म्हणायचा, "मी न्हाय सोडला. आमच्या आक्काने सोडवला."

इद्रिसभाईंना त्याने सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की ओढणारा दुसरा आहे, जुना, जाणकार. इद्रिसभाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि फळीच्या अगदी मागून एक छोटी बरणी काढली. सहा वर्षं मुरलेली पिवळी पात होती ती, मनुकांसारखा वास मारणारी. "जाणकार असेल तर ह्यात काळा कमी घालू," ते म्हणाले. "चांगल्या पातीवर धूर चढवायचा नसतो." बाळारामने चिमूट बोटांत चुरडून ओल बघितली, हुंगली, पुन्हा हुंगली. अशी चोखंदळ निवड त्याने स्वतःसाठीही कधी केली नव्हती.

पुढल्या चैत्रातली आवस. वारा पूर्ण पडला होता. खाडी ताटातल्या पाण्यासारखी स्थिर. बाळारामने राख झाडली, पाइप भरला. तळाशी सैल, वर जरा दाबून. पानावर ठेवला. उठून मागे न बघता निघायचं, हा आक्काचा नियम. बाळारामने तो पाळला नाही. तो दगडासमोर मांडी घालून बसला, एखाद्याचं जेवण होईपर्यंत घरच्या माणसाने समोर बसावं तसा.

थोड्या वेळाने वाटीच्या तोंडाशी लाल ठिपका उमटला. तो फुलला, मंदावला. पुन्हा फुलला, पुन्हा मंदावला. पानाची कडसुद्धा हलत नव्हती. बाळाराम बघत राहिला. ठिपका फुलला की त्याची छाती भरत होती, मंदावला की रिकामी होत होती. त्याने एकदा श्वास रोखून पाहिला. ठिपका थांबला, त्याची वाट बघत.

बाळारामने हळूच श्वास सोडला, आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.