दोनचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. पुस्तकात मला कळफलक म्हणतात, पण उंब्रजमध्ये त्या नावाने कुणी हाक मारली तर मीसुद्धा ओ देणार नाही. माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापले आहे. पण स्वतःची पाठ कुणाला दिसते? आज मी सुभेदार लालासाहेबांच्या घरात लोखंडी कपाटावर पडून आहे. शेजारी कोयता आणि दोन खुरपी आहेत. ती वर्षातून काही दिवस तरी कामाला जातात. मी जात नाही.

पूर्वी असे नव्हते. सुभेदारांच्या मुलीने, क्रांतीने, घराच्या पुढच्या खोलीत टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान काढले, तेव्हा ती मला कराडहून मांडीवर घेऊन आली. दाखल्याचे अर्ज, लग्नपत्रिका, दूध डेअरीच्या नोटिसा, काय काय माझ्या अंगावरून गेले! "ह्याची बटणं लय मऊ हायत," असे ती म्हणायची, आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

पण माझे खरे काम वेगळेच होते. क्रांतीचा थोरला भाऊ धैर्यशील साखर कारखान्यात पॅनमन होता. उकळत्या पाकात दाणा कधी धरला, हे नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस. घराण्यात तीन पिढ्या फौजेत, त्यामुळे त्यानेही भरती व्हावे असा सुभेदारांचा, म्हणजे आबांचा, हट्ट होता. हा पठ्ठ्या उठला आणि आफ्रिकेत मोझांबिकला, तिथल्या कारखान्यावर गेला. "माज्यासाठी त्यो मेला," असे सुभेदार भरल्या ताटावर बोलले आणि चार वर्षे मुलाशी एक शब्दही बोलले नाहीत.

धैर्यशीलला टायपिंग येत नव्हते. कारखान्याच्या ऑफिसातला संगणक जुआंव नावाच्या कारकुनाच्या ताब्यात होता, आणि त्याला पोर्तुगीजखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. मग धैर्यशीलने मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगायचे, जुआंवने ते ई-मेलने लिहून पाठवायचे, आणि क्रांतीने शब्दकोश उघडून वाचायचे, असे सुरू झाले. उत्तरही ती त्याच भाषेत द्यायची. ते जुआंव धैर्यशीलला वाचून दाखवायचा. बहीण-भावाचे बोलणे, पण जायचे साता समुद्रापारच्या भाषेतून.

त्या भाषेतली काही अक्षरे माझ्या अंगावर नव्हतीच. एकाच्या डोक्यावर नागमोडी रेघ, एकाच्या टोपी, एकाच्या पायाशी शेपटी. जुआंवने युक्ती कळवली. ऑल्टचे बटण दाबून धरायचे आणि माझ्या उजव्या बाजूच्या आकड्यांवर शून्य, दोन, दोन, सात असे मारायचे. बोट उचलले की रेघवाले अक्षर उमटे. प्रत्येक अक्षराचे आकडे वेगळे, पण सगळ्यांची सुरुवात शून्य-दोन. क्रांतीने तो तक्ता भिंतीवर चिकटवला आणि महिन्याभरात पाठ केला. जे माझ्याजवळ नव्हते ते ती माझ्याकडून काढून घेई. मित्रांनो, त्या दिवसांइतका मी कधीच सुखात नव्हतो.

मग ती खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, आणि पूजा झालेले हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. क्रांती झेंडू तोडायला मळ्यात गेली होती. सुभेदारांनी फौजेतल्या पट्ट्याचे बक्कल, कोयता, खुरपी पाटावर मांडली. मग काय वाटले कोण जाणे, दुकानात येऊन त्यांनी मलाही उचलले. पोराची खुशाली माझ्यातूनच येते, हे त्यांना ठाऊक होते. हत्याराला आंघोळ घातल्याशिवाय कुंकू लावायचे नाही, हा त्यांचा नेम. उजवीकडच्या आकड्यांतल्या पाचच्या बटणावर बोटाला एक बारीक उंचवटा लागला. हीच देवाची जागा असे समजून त्यांनी तिथे तांब्यातले पाणी सोडले आणि कुंकू लावले. पाणी ओघळून खालच्या दोनच्या बटणात शिरले. चार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला होता, तोही मायेने. मी कसा ओरडणार?

दुपारी जुआंवचे पत्र आले. धैर्यशीलला हिवताप झाला होता, तो मेंदूत चढला होता. मधूनमधून शुद्धीवर येतो आणि एकच विचारतो, 'घरून आबांचं काही आलं का?'

क्रांतीने फोन लावला. तेव्हाचे मोबाइल देशातल्या देशात बोलण्यापुरते. तिकडे लागलाच नाही. तिने माझ्याकडे पाहिले, मग पाटाकडे पाहिले.

"आवं आबा, आज ह्याला हलवायचं न्हाई न्हवं?"

"मोडू दे नेम," सुभेदार म्हणाले. "लिही. म्हणावं, घरी ये. मी रागावलेलो न्हाई. आदुगरबी नव्हतो."

क्रांतीने मला पुसले, जोडले आणि लिहायला घेतले. साधी अक्षरे उमटली. पण शून्य झाले की पुढे काहीच नाही. तिने दोनचे बटण दहा वेळा दाबले; वरच्या ओळीतला दोन ह्या कामाला चालत नाही. मी जीव तोडून झटलो, मित्रांनो, पण आतून गेलो होतो.

"बिनरेघांचंच धाड की!" सुभेदार म्हणाले.

"न्हाई आबा. चार वर्सांनी तुमचा पयला शब्द चाललाय. त्यो लंगडा न्हाई धाडायचा."

जुआंवच्या जुन्या पत्रांत ती सगळी अक्षरे होती. तिथून एकेक उचलता आले असते. पण घाबरलेल्या माणसाला पायाजवळचे दिसत नाही. ती वडापची, सीटवर माणसे भरून नेणारी जीप धरून कराडला गेली. दुकानांना तोरणे होती आणि कुलपे होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी, एकाने दार उघडून नवा कीबोर्ड दिला. पत्र गेले. उशीर कशाने झाला तेही तिने खाली लिहिले. एकही रेघ चुकली नव्हती.

उत्तर संध्याकाळी आले. धैर्यशील त्याच दिवशी पहाटे गेला होता. जुआंवने लिहिले होते, 'तुमचे पत्र मी त्याच्या उशाशी उभे राहून मोठ्याने वाचले. त्याला ऐकू गेले नाही, तरी वाचले.' क्रांतीने हे सुभेदारांना वाचून दाखवले. खाली आणखी एक ओळ होती. 'रेघांसाठी पत्र अडवून ठेवले? नुसती अक्षरे पाठवली असती तरी मला कळले असते. चार वर्षे मी धैर्यशीलचेच बोलणे समजून घेत होतो.' ही ओळ तिने त्यांना वाचून दाखवली नाही. ती तिला आणि मलाच माहीत आहे.

सुभेदार दोष तांब्याला देतात. क्रांती स्वतःला देते. मी तर हक्काचा गुन्हेगार.

मित्रांनो, माझ्या भाऊबंदांवर पाणी सांडू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी दुसरेच मागतो. कुणाला जवळ बोलवायचे असेल तर सुधारून घेण्यासाठी थांबू नका. मोडके असेल तर मोडके पाठवा. पलीकडचा माणूस जोडून घेतो.

दर खंडेनवमीला सुभेदार मला कपाटावरून काढतात. आता पाणी लावत नाहीत, कोरड्या फडक्याने पुसतात. मग अंगठ्याने दोनचे बटण हळूच दाबतात आणि आत हाक मारतात, "क्रांते, आता चाललं का गं हे?"

"न्हाई, आबा," ती आतूनच म्हणते.