गोमा खारीचा धडा

धम्मदीपे, बस इथं चुलीजवळ. चहा उकळून राह्यला, तंवर तुले एक गोठ सांगतो. पैले हसशील, मंग तुले माह्यासारखा राग येईल. राग नाई आला तर चहा तसाच ठेव अन मेडशीले घरी जा. मी काई म्हननार नाई.

तुले ठाऊकच हाय, अकरा वर्सं झाले, तांड्यावरच्या शाळेत मी खिचडी शिजवतो. दोन खोल्या, चार वर्ग, एक मास्तर. दुसऱ्या मास्तराले कोन्या सरकारी कामावर भलतीकडं नेलं, ते नेलंच. राह्यले बाबूलाल सर. मानूस वंगाळ नाई म्हनाव तर म्हनता येते. पीत नाई, पोट्ट्याईले मारत नाई. सकाळी येते, दारात खुर्ची टाकते अन दिवसभर मोबाइलवर मायती भरते. पोट्टे दंगा करू नाई म्हून एकाले उभं करते. ते धडा म्हन्ते, मांगून सारे म्हन्तेत. धडा तोच. गोमा खारीचा.

माही चूल वर्गाच्या खिडकीखाली. ‘गोमा खार चिंचेवर राहते. चिंचेखाली दगड आहे. दगडाखाली गोमाने दाणा लपवला आहे.’ खार दुसऱ्यांदा चिंचेवर चढली का मी डाळ टाकाची. तिसऱ्यांदा चढली का मीठ. अकरा वर्सात माह्या खिचडीत मीठ कमी-जास्त झालं नाई, ते त्या खारीमुळं. मले वाटे, किती शिकून राह्यले व लेकरं! आग लागो माह्या अकलेले.

माहा पोरगा बादल अन सून दिवाळी झाली का उसतोडीले जातेत. त्याईची पोट्टी रंजीता माह्यापाशी राह्यते. आता चौथीत हाय, उन्हाळा झाला का मेडशीच्या मोठ्या शाळेत पाचवीत जाईल. दर रविवारी बादल फोन करते. ‘रंजे, वाच बरं.’ रंजी पुस्तक मांडीवर घेते, बोट फिरवते, अन गोमा खार सुरू. बादल तिकडं फोन मोठ्यानं लावते, आजूबाजूच्या कोप्यातले, झोपड्यातले मानसं गोळा करून आयकवते. ‘माही पोट्टी पाहा, कशी वाचते.’

मागल्या महिन्यात शाळेच्या भिताडावर रंगानं नवीन लिहून गेले, कोन्या दिवशी काय शिजवाचं ते. जुनं मले पाठ होतं. हे कोनाले ठाऊक? मी रंजीताले बलावलं. ‘रंजे, आज काय लिहेल हाय, वाच.’

तिनं भिताडावर बोट ठेवलं. नीट, सावकाश फिरवलं. अन म्हने, ‘गोमा खार चिंचेवर राहते.’

मी हासली. ‘मस्करी नको करू व. डाळ कोनती टाकू ते सांग.’

‘वाचूनच तर राह्यली, आजी. चिंचेखाली दगड आहे.’

मी तेलाचं पाकीट तिच्या हाती देलं. त्याच्यावर बी गोमा खार. मिठाच्या पुड्यावर बी तेच. मस्करी नव्हती, धम्मदीपे. त्या लेकराले वाटे, कुठं बी बोट ठेवाव अन हे म्हनाव, याले वाचनं म्हन्तेत. चार वर्सात कोनी तिले सांगतलंच नाई का एकेक अक्षर येगळं असते.

त्या दिवशी खिचडी बुडाले लागली. अकरा वर्सात पैल्यांदा.

मी खिचडी हालवाचा सराटा हातात घेऊन तशीच सरापाशी गेली. ‘सर, पोट्टीले वाचता येत नाई.’

‘येते ना, जमनाबाई. तुमी रोज आयकत नाई का?’

‘भिताडावरचं येत नाई.’

‘ते पुस्तकात कुठी हाय?’ असं म्हनून हासला. मोबाइलवरून मान बी उचलली नाई. ‘अन तुमाले काय समजते वाचनातलं? तुमी खिचडी पाहा. बचत गटातल्या चार बाया या कामाले टपून बसेल हायेत.’

समजलं का तुले? मले धमकी देते! मी वापस येऊन बुडाले लागलेली खरवड काढत बसली. पोट्टी पाचवीत जाईल, तिथं तिले कोन इचारनार? मांगच्या बाकावर बसवतीन, आठवी झाली का कोयता हाती. बादलचंच झालं ना तसं. त्यानं बी याच शाळेत चार वर्ग काढले.

मंग तालुक्याहून शाळा तपासाले साहेब आले. साहेब येनार म्हून सकाळीच संडासाचं कुलूप निंघालं. नाई तर चाबी सराच्या खिशात, अन पोट्ट्या तुरीच्या वावरात. खोली झाडली, रंजीताले पैल्या रांगेत बसवलं. साहेब म्हने, ‘कोण वाचून दाखवतं?’ सरानं बोट दाखवलं. रंजीता उभी राह्यली अन नळासारखी सुरू झाली. ‘शाब्बास!’ साहेब म्हने. सर फोटो काढून राह्यले.

तवा माह्याच्यानं राह्यवलं नाई. सराटा घेऊन मी वर्गात घुसली. ‘साहेब, मले बी वाचता येते.’

सर म्हने, ‘जमनाबाई, भाईर जा. खिचडी लागून राह्यली.’

‘लागू द्या.’ पोट्टीच्या हातचं पुस्तक घेतलं, उघडलं, बोट ठेवलं, अन सारी गोमा खार शेवटापर्यंत म्हनून टाकली. एक शबूद चुकली नाई.

साहेब खूश. ‘वा मावशी! कितवी शिकल्या?’

‘शाळेत पाय टाकला तो खिचडीसाठीच, साहेब.’

साहेबानं पुस्तकाकडं पाह्यलं. ‘मावशी, पुस्तक उलटं आहे.’

‘मले काय ठाऊक सुलटं कोन्या बाजूनं असते? आता हिले दुसरं कोनतं बी पान द्या.’

साहेबानं पान पलटवलं. रंजीतानं माह्याकडं पाह्यलं, सराकडं पाह्यलं. बोट ठेवलं. हळूच म्हने, ‘गोमा खार चिंचेवर राहते.’ अन मांगून साऱ्या वर्गानं उचललं, ‘चिंचेखाली दगड आहे!’ खनखनीत आवाजात. त्याईले कोनी थांबच म्हनलं नाई. धडा सरेपर्यंत साहेब उभेच राह्यले. मंग वहीत काईतरी लिहलं अन गाडीत बसले.

दुपारी संडासाले वापस कुलूप.

घरी आल्यावर पोट्टी मले इचारते, ‘आजी, मी कुठी अडकली?’

मी म्हनलं, ‘कुठीच नाई अडकली व माय. तोच तर घोर हाय.’

काल बाबूलाल सर घरी आले. गोड बोलून राह्यले. ‘जमनाबाई, या कागदावर अंगठा द्या. साहेबाईले पाठवाचा हाय.’

‘काय लिहेल हाय?’

‘शाळा सुधारावी, दुसरा मास्तर द्यावा, असं.’

‘वाचून दाखवा.’

घडाघडा बोलले. पन धम्मदीपे, त्याची नजर कागदावर नव्हती, दाराकडं होती. मले का समजत नाई? अकरा वर्सं मी हेच आयकून राह्यली.

मी म्हनलं, ‘ठेवून जा. उद्या देतो.’

‘आमच्यावर भरोसा नाई का?’

‘सर, कागदाकडं न पाह्यता वाचता येते, हे तुमीच तर तांड्याले शिकवलं.’

तोंड पाडून गेले. जाऊ दे. त्याईनं मले कामावरून काढलं तरी मी पाच घरच्या भाकरी थापीन.

हा घे तो कागद. तू मास्तरकीचं शिकेल हायस, नोकरीची वाट पाहून राह्यली. रंजे, इकडं ये, ताईच्या बाजूले बस. बोट काढ. आता तू वाच, धम्मदीपे, पन सारं एकदम नको वाचू. पैलं अक्षर कोनतं हाय ते या पोट्टीले सांग, तिचं बोट त्याच्यावर ठेव. तिच्या तोंडून निंघालं का मंग दुसऱ्यावर जा. चहा गार झाला तर मी दुसरा ठेवतो, पन तिचं बोट तेवढं सोडू नको.