तिसऱ्या टोपलीतल्या वीस पुड्या

मोर्णा नदीपलीकडच्या माळावर त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. गोऱ्या कापूसवाल्या साहेबांच्या घोड्यांच्या शर्यती होत्या. पण घोड्यांकडे बघतो कोण? सगळी झुंबड लिंबाखाली वाघाचं कातडं पसरून बसलेल्या अश्वानंद महाराजांपुढे. कोणता घोडा जिंकणार हे महाराजांना घोड्याच्याही आधी कळतं म्हणे!

दिवसच तसे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकायच्या गप्पा लोक पारावर बसून खुशाल मारत. माणसाच्या हाती पैसा खुळखुळायला लागला की तो आवाज अशा महाराजांना शंभर कोसांवरून ऐकू येतो.

शर्यती तीन. प्रत्येकीत घोडे चार, आणि स्वारांचे डगले चार रंगांचे: पिवळा, पांढरा, लाल, निळा. महाराज डोळे मिटून टोपलीत हात घालत आणि पळसाच्या पानात बांधलेली एक पुडी भक्ताच्या ओंजळीत टाकत. आत एक फूल. झेंडू निघाला तर पिवळ्यावर पैज लावायची, शेवंती निघाली तर पांढऱ्यावर, गुलाब निघाला तर लालवर आणि गोकर्ण निघाली तर निळ्यावर.

"अश्व म्हणजे वायू! वायू म्हणजे प्राण! आणि प्राण म्हणजे कोण? आम्ही!" महाराज गरजत. "फूल कोणाला दाखवू नको, बच्चा. फूल खोटं होत नाही, मन खोटं होतं. हरलास तर तुझ्याच पोटात पाप आहे असं समज. गुपचूप फूल नदीत सोड. तोंड उघडशील तर ते पाप लेकराबाळांना लागेल!"

वाहवा! जिंकला तर महाराजांमुळे, हरला तर स्वतःच्या पापामुळे. असा धंदा कोणाला नको?

ती फुलं पुरवली होती माणिकबाईनं. जुन्या शहराच्या कडेला, नदीकाठी तिचा फुलांचा मळा होता. पुड्याही तिनंच बांधल्या होत्या. आता ती महाराजांच्या मागं तिसरी टोपली मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आदल्या दिवशी महाराजांचा चेला मळ्यावर आला होता. "टोपल्या तीन. पहिलीत दर रंगाच्या चार कोड्या. दुसरीत दर रंगाची एक कोडी. तिसरीत दर रंगाची पाच-पाच फुलं."

वीस फुलांची एक कोडी. माणिकबाईचा जन्म असं मोजण्यात गेलेला. तिनं सहज विचारलं, "तिसरीत एवढी कमी काहून जी?"

"तुले काय करायचं? दुप्पट भाव घे न् गप बस."

तिनं भाव घेतला आणि ती गप बसली. एवढ्यावर थांबली असती तरी बरं होतं. पण चेला जाताना म्हणाला, चार ओळखीची माणसं घेऊन ये, म्हणून ती थेट शेजारच्या सूर्यभानकडे गेली. "भाऊ, लय सच्चे महाराज हायेत," म्हणाली. सूर्यभान म्हणजे कोण? दुष्काळाच्या साली तिच्या विहिरीनं तळ गाठला, तेव्हापासून आपल्या विहिरीचा पाट तिच्या मळ्यात वळवून देत आलेला माणूस. त्याच्या पाण्यावर जगलेली फुलं आज टोपलीत होती.

पहिली शर्यत झाली, निळा जिंकला. "जय महाराज!" असा जयघोष उठला. दुसऱ्या पुड्यांसाठी जिंकलेले नाचत आले. त्यात सूर्यभानही होता.

माणिकबाई टोपलीवरचं फडकं भिजवायला नदीवर गेली आणि जागच्या जागी थबकली. पाण्यावर फुलं तरंगत होती. झेंडू, शेवंती, गुलाब, ढीगच्या ढीग. गोकर्ण मात्र एकही नाही. काठावर हिवरखेडचा म्हातारा खुशालराव डोकं धरून बसला होता.

"का झालं, बुवा?"

"मी पापी हाय, बाई. गेल्या महिन्यात भावाशी भांडलो होतो. म्हून मायं फूल खोटं निंघालं. कोनाले सांगू नको."

त्याच्या पलीकडे आणखी एक, त्याच्या पलीकडे आणखी एक. जो तो आपल्या पापाचा हिशेब मनात मांडून खाली मान घालून बसलेला. मग माणिकबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोळा कोड्या माणसांतल्या चार कोड्या जिंकतात, त्या चारांतली एक कोडी उरते, एका कोडीतली पाच उरतात. कोणता घोडा जिंकणार हे महाराजांना ठाऊक नव्हतं. किती माणसं हरणार, ते मात्र कालच ठाऊक होतं!

तेव्हाच बोलायला हवं होतं तिनं. नाही बोलली. दुप्पट भाव कमरेच्या पिशवीत टोचत होता, आणि लोक काय म्हणतील हा धाक वेगळाच. दुसरी शर्यत झाली, पांढरा जिंकला. सूर्यभान पुन्हा जिंकला. चला, त्याचं तर भलंच होऊन राहिलं, असं मनाला समजावत ती बसून राहिली. शहाणपण विकून खाल्लं होतं तिनं, दुसरं काय!

आता दोनदा जिंकलेले विसेक जण लिंबाखाली उरले. महाराजांनी डोळे गरागरा फिरवले. "तिसरं फूल मुफत नाही! जिवाभावाची वस्तू चरणी ठेवा, तेव्हा फूल!"

कोणी कडं काढलं, कोणी बायकोची पुतळ्यांची माळ आणली. आणि सूर्यभान आपली बैलजोडी घेऊन आला. खिल्लारी, पांढरीशुभ्र, वासरं होती तेव्हापासून हातानं भरवलेली. दोन्ही कासरे त्यानं चेल्यापुढं धरले आणि माणिकबाईकडं बघून हसला.

"तुयामुळं झालं हे, बाई. तू सांगतलं नसतं तं मी आलोच नसतो."

ते हसणं तिच्या काळजात रुतलं. ती ताडकन उठली आणि टोपली सूर्यभानच्या पायाशी पालथी केली.

"कासरा सोडू नको, भाऊ! ह्या वीस पुड्या हायेत. मी बांधल्या. पाच पिवळ्या, पाच पांढऱ्या, पाच लाल, पाच निळ्या. उघडून पाय!"

"चेटकीण आहे ही!" महाराज किंचाळले. "पकडा तिला!"

दोघं-चौघं धावलेही. पण सूर्यभान खाली बसला आणि एकेक पुडी सोडू लागला. लोक वाकून बघू लागले. पाच, पाच, पाच, पाच.

"घोडा कोनताही येवो, पाच जन नाचतीन न् पंधरा बुडतीन," माणिकबाई ओरडून म्हणाली. "पहिल्या खेपेले सोळा कोड्या मानसं होते. चार कोड्या जितले, थे बोंबलत आले. बारा कोड्या हरले, थे कुठी हायेत? नदीवर, तोंड लपवून! अरे, हरलेल्यानं बोला ना! कोनाचं फूल खोटं निंघालं?"

मग मागून एक म्हातारा आवाज आला. "मायं लाल होतं." तो खुशालराव होता.

"मायं पिवळं."

"मायंबी."

आणि बघता बघता चारी बाजूंनी कल्ला उठला. ज्या पापाखाली माणसं सकाळपासून वाकली होती ते पाप शेकडो जणांचं एकच निघालं, म्हणजे मुळात नव्हतंच. महाराज वाघाचं कातडं टाकून पळाले, पण पाटलाच्या माणसांनी त्यांना शेताच्या बांधावर गाठलं. वायूही नाही, प्राणही नाही, धाप लागलेला साधा माणूस निघाला.

गर्दी हटली तेव्हा सूर्यभाननं विचारलं, "तुले कवापासून मालूम होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "काल खटकलं होतं. पहिल्या शर्यतीनंतर समजलं," ती म्हणाली.

"न् दुसरी शर्यत होईस्तोर?"

"गप बसली. चुकली मी, भाऊ."

त्यानं कासरे ओढले. बैल घेऊन निघून गेला.

माणिकबाईनं ती दुप्पट भावाची पिशवी खुशालरावाच्या हाती दिली, हरलेल्यांत वाटायला. तरी मन हलकं झालं नाही. फुलं तिची, पुड्या तिच्या, बोलावणंही तिचं. महाराजांनी फक्त तोंड चालवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाटाशी जायचा तिला धीर झाला नाही. आता कोणत्या तोंडानं पाणी मागायचं? ती मळ्यात खाली मान घालून सुकलेली पानं खुडत राहिली.

तेवढ्यात वाफ्यात पाणी शिरलं. बांधावर सूर्यभान फावडं घेऊन उभा होता.

"फुलं वाळून राहिली होती," तो म्हणाला. तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही. जायला वळला आणि थांबला.

"मोजत जाजो, बाई. पन मोजलं का बोलत बी जाजो."

तेव्हापासून कोणी चमत्काराची गोष्ट घेऊन आलं, की माणिकबाई हातातला हार खाली ठेवून एवढंच विचारायची, "जितलेला भेटला तुले. हरलेल्याले इचारलं का?"

वाचकहो, तुम्हीही विचारा. आणि तुम्हीच हरलेले असाल तर खाली मान घालू नका, मोठ्यानं सांगा. तुमच्या गप्प बसण्यावरच अशा महाराजांची गादी टिकते.