सूं, फट्, धाड

“स्लॅम,” श्रीधर सरांनी कागदावर पेनाचं टोक टेकवलं. “हा शब्द आम्ही नाही घातला, शर्मिलाबाई. तुमच्याच जबाबात आहे. खाली सही तुमचीच ना? की तीही आम्हीच केली?”

शर्मिला काही बोलली नाही. ती समोर बसलेल्या एचआरच्या भाग्यश्री मॅडमकडे बघत होती. तिच्या विभागाचे प्रमुख श्रीधर सर तिच्या उजव्या हाताला होते.

“बघा, उत्तर द्यायचीही तसदी नाही,” सर मॅडमना म्हणाले. “हा असा ॲटिट्यूड.”

मागे शाळेच्या युनिफॉर्ममध्ये बसलेली तिची मुलगी चैताली खुर्चीच्या कडेला सरकली. कारण तो शब्द आईचा नव्हताच. तो तिचा होता. शंभर टक्के तिचा.

शर्मिला या हॉस्पिटलात बावीस वर्षं एकच काम करत होती. ऑपरेशनची हत्यारं मोठ्या लोखंडी मशीनमध्ये घालायची, दार लावायचं, वाफेत निर्जंतुक करायची आणि कोरडी करून वर पाठवायची. इथून बरा होऊन गेलेल्या एकाही पेशंटने तिला पाहिलेलं नव्हतं. गेल्या मंगळवारी सकाळी, मशीन चालू असताना, त्याचं दार वाफेच्या जोराने उघडून भिंतीवर आदळलं. शर्मिलाने ऐन वेळी बाजूला उडी घेतली म्हणून चेहरा वाचला, नुसते कानाला दडे बसले. “सुटतील आपोआप,” म्हणत ती उजव्या कानात कापसाचा बोळा घालून फिरत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निरोप आला, घडलेली हकिगत इंग्रजीत लिहून द्या.

इंग्रजीत! चैतालीला खरं तर आनंदच झाला होता. आठवीपर्यंत ही पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती. दहावीत आली, इंग्रजीत नव्वद पडले, आणि आता रिक्षामागच्या पाट्यांची स्पेलिंगसुद्धा तिच्या तावडीतून सुटत नव्हती. आई म्हणाली, “धाडकन दार उघडलं.” चैतालीने वहीची मागची पानं काढली. तिथे आवाजांच्या शब्दांची इंग्रजीच्या बाईंनी दिलेली यादी होती. बँग, बूम, क्रॅश, थड. ‘स्लॅम’च्या पुढे लिहिलेलं होतं, धाडकन. झालं! द डोअर स्लॅम्ड. काय ऐटदार शब्द! सही करताना आईने विचारलंही होतं, “बरोबर आहे ना गं?”

“आई, नव्वद पडलेत मला.”

आता तेच नव्वद कानशिलाशी तापत होते.

“स्लॅम म्हणजे दार आपटून लावणं, मॅडम,” श्रीधर सर शिकवणीच्या सुरात सांगत होते. “उघडताना स्लॅम होत नाही. म्हणजे यांनी दार आपटलं, लॉक नीट बसलं नाही, प्रेशर आल्यावर ते उघडलं. सगळं त्यांच्याच शब्दांत. मशीन निर्दोष.”

मराठीत दार धाडकन उघडतं आणि धाडकन लागतंही. इंग्रजीत नुसतं स्लॅम म्हटलं की ते लागतंच, हे त्या यादीत कुठे होतं?

“मग निष्काळजीपणा,” मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. “सर्व्हिस बुकात नोंद जाईल.”

बावीस वर्षांवर एक शब्द. चैताली उठून उभी राहिली.

“मॅडम, तो शब्द चुकलाय. जबाब मी लिहिलाय. आईला बर्स्ट म्हणायचं होतं. किंवा बँग. खरं तर ब्लास्ट...”

“ए!” मॅडम दचकल्या. “ब्लास्ट हा शब्द या केबिनमध्ये काढायचा नाही. बाहेर पेशंट बसलेत. उद्या टीव्हीवाले येतील दारात.”

“कन्यारत्न का?” सर वळले. “बाळ, वक्तृत्व स्पर्धा शाळेत असते. इथे चौकशी चाललीय.”

“पण सर, बूम म्हणजे घुमणारा आवाज, बँग म्हणजे एकदम मोठा, आणि...”

“डिक्शनरी आहे आमच्या घरी. तुझ्याएवढी बोलत नाही, इतकंच.”

चैताली मटकन खाली बसली. सरांनी काखेतलं लाल रजिस्टर टेबलावर आपटलं.

“आणि मशीन बिघडलं होतं म्हणतात, तर तक्रार कुठाय? रोजची नोंद याच ठेवतात. वेळ, प्रेशर, तापमान, सगळं आहे. शेऱ्याच्या रकान्यात मात्र हे असलं काहीतरी खरडलंय.”

मॅडमनी चष्मा सरसावला. “हे काय? सू?”

“सूं,” शर्मिला म्हणाली. नाकातून, अनुस्वारासकट.

“डासांची नोंद ठेवता का हो?” सरांनी विचारलं.

शर्मिलाने खुर्ची फिरवून अख्खं अंग सरांकडे वळवलं. “सर, बोलायचं तर समोर येऊन बोला.”

आईने टोमणा मारला! चैतालीचे डोळे चमकले. सरांचे कान लाल झाले.

“दार नीट लागलं की खट् होतं,” शर्मिला सांगू लागली. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा होता, पण थरथरत नव्हता. “खट् झाल्याशिवाय मी वाफ सोडत नाही. मंगळवारीही झालं होतं. काम संपलं, वाफ बाहेर गेली, की फुस्स होतं. सूं मात्र कधीच व्हायला नको. सूं म्हणजे दाराच्या रबरातून वाफ निसटतेय. चार तारखेला लिहिलंय बघा, ‘बारीक सूं’. मग रोज ‘सूं’. मंगळवारी, ‘सूं मोठा’. तेवढं लिहून पेन ठेवलं, रबर फट् झालं आणि दार धाड. मी आपटून लावलं असतं तर नुसतं धाड झालं असतं. आधीचा सूं कुठून आला असता?”

मॅडम पानं उलटत राहिल्या. बारीक सूं. सूं. सूं. सूं. प्रत्येक पानावर, तळाशी, हिरव्या शाईत झोकदार सही.

“श्रीधर, या सह्या तुमच्या?”

“रुटीन सही असते ती, मॅडम. शेऱ्याला काही अर्थ असेल असं...”

“पहिल्या दिवशी तोंडी सांगितलं होतं मी,” शर्मिला म्हणाली. “तुम्ही म्हणालात, लिहून ठेवा. लिहून ठेवलं.”

मॅडमनी पुन्हा चार तारखेचं पान काढलं.

“हे इंग्रजीत तरी असायला हवं होतं,” मॅडम शेवटी म्हणाल्या.

हिस! चैतालीच्या जिभेवर आलंच होतं. यादीत होता तो शब्द, पुढे अर्थ लिहिला होता, सापाचा फूत्कार. तिने जीभ आवरली आणि आधी आईकडे पाहिलं.

“मराठीतच घ्या माझा जबाब,” शर्मिला म्हणाली. “आत्ता सांगितला तसा.”

“आमच्या टायपिस्टने हे सूं, फट् टाइप कसं करायचं?”

“ऐकू येतं तसं.”

मॅडमनी आधीच्या जबाबावर आडवी रेघ मारली. मारताना तोंड असं केलं, की जणू कुणी त्यांच्याच साडीवर मारली. “निष्काळजीपणा तूर्त लिहीत नाही. ठीक?”

चैतालीने टाळ्याच वाजवल्या असत्या. पण श्रीधर सरांनी रजिस्टर मिटलं, खुर्ची थोडी मागे, शर्मिलाच्या उजवीकडे सरकवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “शर्मिलाबाई, चहा घेणार?”

शर्मिला मॅडमकडेच बघत राहिली.

“चहा, शर्मिलाबाई?”

काहीच नाही.

“बघितलंत, मॅडम?” सर म्हणाले. “मशीन कानाने ओळखतात म्हणे. यांना उद्या खट् तरी ऐकू येणार आहे का?”

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. या वेळी त्या मोठ्याने आणि सावकाश बोलल्या, लहान मुलाशी बोलावं तसं. “शर्मिलाताई, आधी कानाची तपासणी करून या. तोपर्यंत मशीनवर नाही. लाँड्रीत चादरी मोजा.”

“दडे बसलेत,” शर्मिला म्हणाली. “सुटतील.”

गेटवर वॉचमनने “जय भीम, ताई” म्हटलं. उजवीकडून. शर्मिला तशीच पुढे गेली. तिच्या वतीने चैतालीने हात जोडले. वाटेत ती दोनदा “सॉरी” म्हणाली. आई रागावली असेल म्हणून बोलत नाही, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं.

खडकीला घरी पोचल्यावर शर्मिलाने डाळ-तांदळाचा कुकर लावला आणि ओट्याकडे पाठ करून मेथी निवडायला बसली. शिट्टीच्या आधी कुकर बारीक आवाज करतो. एरवी तेवढ्यावर ती बाहेर कपडे वाळत घालता घालता ओरडायची, “चैते, गॅस बारीक कर!” चैतालीला तो आवाज कधी ऐकूच यायचा नाही, त्यावरून दोघींची रोज भांडणं.

चैतालीने वही काढली. ‘स्लॅम’पुढे लिहिलं, फक्त लावताना.

कुकरने सूं केलं.

तिने मान वर केली. आई पानं खुडत होती.

सूं मोठा झाला. आईने एक जून काडी बाजूला टाकली आणि दुसरी जुडी सोडली.

चैताली उठली. गॅस बारीक केला. मग आईच्या डाव्या हाताला जाऊन बसली आणि मेथीची एक काडी उचलली.