मुकादमाची दहा दिवसांची तालीम

दोन वर्षं मला तोंड न दाखवणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला, तोही पोपटासाठी. मुकादमाने म्हणे छातीची पिसं उपटून काढलीत, पक्ष्यांचा डॉक्टर दीड तासावर आहे, बसमध्ये पिंजरा घेत नाहीत, आणि तुझी टॅक्सी आहेच. येते म्हटलं. मनात म्हटलं, आता सापडलीस.

मुकादम बाबांचा पोपट. बाबा शेवटची तीन वर्षं माझ्याकडे अंथरुणाला खिळून होते. संध्याकाळी दारात माझी टॅक्सी बंद झाली की आतून विचारायचे, "आलीस का गं, धाकटे?" पोपटाने ते हुबेहूब उचललं. पुढेपुढे दोघंही विचारायचे, आणि कोण बोललं ते आत गेल्याशिवाय कळायचं नाही. बाबा गेले आणि चौथ्या दिवशी, मी कामावर असताना, ताईने शेजारणीकडून किल्ली घेतली आणि पिंजरा उचलून नेला. तू दिवसभर गाडीवर, पक्ष्याचे हाल होतील, अशी चिठ्ठी ठेवली होती. तीन वर्षांत बाबांची चादर एकदा बदलली नाही हिने, आणि बाबांचा आवाज मात्र घेऊन गेली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

पोपटाला एकदम गाडीत कोंबलं तर तो धसक्यानेच मरायचा. आधी सवय लावावी लागते. रोज संध्याकाळी काम संपलं की मी ताईच्या दारात जायची. दोन माणसं दिसली की तो बिथरतो, तू घरातच थांब, असं तिला ठणकावून सांगितलं होतं. पहिल्या दिवशी पिंजरा नुसता मागच्या सीटवर ठेवला, दारं सताड उघडी. दुसऱ्या दिवशी झोका काढून टाकला, बसायची दांडी खाली आणली, पिंजऱ्याला पट्टा आवळला, आरशाला टांगलेली वासाची डबी फेकली, पाण्याच्या वाटीऐवजी काकडीच्या फोडी ठेवल्या आणि वरून अर्धी चादर टाकली. पाच मिनिटं इंजिन चालवलं आणि बंद केलं.

"आलीस का गं, धाकटे?"

बाबा. शेवटी थकून खाली येणारा तोच सूर. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडले. पिंजरा परत देताना सहज विचारल्यासारखं केलं, हा बोलतो का गं काही? ताई म्हणाली, इकडे आल्यापासून तोंडातून शब्द नाही.

म्हणजे चोरून नेऊनही हिच्या हाती काही लागलं नव्हतं. तेवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. नाही झालं. मला हिला नाक घासायला लावायचं होतं, आणि तेही बाबांच्या तोंडून. तिसऱ्या दिवसापासून मी तालीमच बदलली. गल्लीतून एक फेरी मारायची, इंजिन बंद करायचं आणि तो 'धाकटे' म्हणायच्या आत मी म्हणायचं, "चोरटे!" तसं म्हणाला तर सूर्यफुलाची बी, नाहीतर ठणठणगोपाळ. मुकादम पहिल्यापासून खादाड. आठव्या दिवशी तो न चुकता म्हणायला लागला.

दहाव्या दिवशी निघालो. ताई मागे पिंजऱ्याला बिलगून बसली होती. पिंजऱ्याच्या तळाचा कागद तिने मुद्दाम तसाच ठेवला होता, डॉक्टरांना विष्ठा बघायची असते म्हणून. दवाखान्याच्या दारात गाडी लावली आणि आरशात तिच्याकडे बघत मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"आलीस का गं, चोरटे?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पिंजऱ्यावरची चादर जराशी बाजूला केली. मग हळूच म्हणाली, "बाबा मला असं म्हणायचे?"

एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. मी नाही बोलले. चल, आपला नंबर येईल, एवढंच म्हटलं.

डॉक्टरांनी वजन केलं, कागद पाहिला, पंख उलगडून बघितले. रोग काही नाही, झुरतोय, म्हणाले. ज्याची सवय होती त्या माणसाजवळ ठेवा. ताईने पिंजरा माझ्या हातात दिला. हे रोज ऐकायची माझ्यात ताकद नाही, म्हणाली, आणि माझ्या गाडीत न बसता बसने घरी गेली.

जिंकले मी! वाटेत चक्क गुणगुणत होते. घराच्या दारात इंजिन बंद केलं आणि कान टवकारून बसले.

"आलीस का गं," बाबांनी विचारलं. आणि पुढे माझाच आवाज, कडू, दात ओठ खाऊन काढलेला: "चोरटे?"

तालमीत मी नुसता शब्द ऐकत होते, आवाज ऐकलाच नव्हता. ताईलाही धक्क्यात तो ओळखू आला नसावा.

आता महिना झाला. मुकादमाला नवी पिसं फुटलीत. 'धाकटे' परत शिकवायला मी वाटीभर बिया संपवल्या. तो बिया खातो आणि चोरटेच म्हणतो. ताईला खरं सांगायला तीनदा फोन लावला, तिने उचलला नाही. हल्ली मी टॅक्सी दोन गल्ल्या अलीकडे लावते आणि घरी चालत येते.