कायमोग्राफचा डूख

मी एक जुना कायमोग्राफ आहे आणि मला कुणाची कीव नको, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्रांच्या गोष्टी रडक्या असतात. माझी तशी नाही. मी एका माणसावर डूख धरला होता आणि त्याचा पुरेपूर सूड घेतला.

आधी माझं काम ऐका. माझा ढोल पितळेचा. त्याला चकचकीत कागद गुंडाळायचा आणि रॉकेलच्या भडकत्या ज्योतीवर धरून काजळीनं काळाकुट्ट करायचा. मग बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घ्यायचा. मज्जातंतू म्हणजे शरीरात निरोप पोचवणारी दोरी. तिला विजेचा बारीक चिमटा दिला की स्नायू आखडतो, त्याला जोडलेली लेखणी हलते आणि फिरत्या ढोलावर काळ्यात पांढरी रेघ उमटते. तो कागद लाखेच्या रोगणात बुडवून वाळवला की रेघ कायमची. मेंदूविज्ञान शिकायला येणारी मुलं आधी माझ्यापाशीच शिकत.

पुण्याच्या एका कॉलेजात उमेदीची वर्षं घालवून मी लोणावळ्याच्या एका संशोधन संस्थेत आलो. तिथं १९६२ साली नंदा आली. जवळच्याच औंढ्याच्या शेतकऱ्याची मुलगी, एम.एस्सी. झालेली, आता पीएच.डी. करणार. घरून तीन वर्षांची मुदत मिळाली होती. तेवढ्यात पदवी नाही झाली, तर लग्न उरकायचं असं ठरलेलं. पोरीचा हात काय सांगू! कागदावर काजळी अशी धरायची की कुठं डाग नाही, कुठं विरळ नाही. दर शनिवारी कोंबडीच्या पिसानं मला तेल घालायची.

तिचा विषयही तिच्या शेतातलाच. उन्हाळ्यात बेडूक बांधाच्या मातीत खोल निजतात. त्या झोपेत त्यांचे मज्जातंतू निरोप पोचवतात की नाही? हे बेडूक शोधणं येरागबाळ्याचं काम नव्हे. ते डोंगराखालच्या वाडीवरचा, संस्थेत चाकरीला असलेला कोंडूच करी. पहारीनं माती ठोकून, आवाज ऐकून तो नेमका बेडूक काढायचा आणि ओल्या गाडग्यातून आणायचा.

आणि आमचे मोठे साहेब! विभागप्रमुख आणि नंदाचे मार्गदर्शक. त्यांचं नाव मी घेणार नाही. माझं तोंड काजळीनं काळं आहे तेवढं पुरे.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आले. साहेब त्यांना प्रयोग दाखवायला गेले आणि कागद सरकला. हात कधी लागलाच नव्हता ना यंत्राला! संतापून त्यांनी मला असा तडाखा दिला की मी टेबलावरून खाली आलो आणि ढोल फिरवणाऱ्या माझ्या चाकाचा एक दात मोडला. दारात कोंडू गाडगं घेऊन उभा होता. साहेबांनी त्याच्याकडे बोट केलं. "या अडाण्यानं पाडलं!"

"मी न्हाई पाडलं, सायेब! मी तर हितं दारातच हुतो."

ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कामावरून काढल्याचा कागद दिला. त्याला वाचता येत नव्हतं. मला बोलता येत नव्हतं. पण मी तेव्हाच मनाशी म्हटलं, थांब लेका, तुला सोडत नाही.

त्या दिवसापासून मोडका दात आला की ढोलाला हिसका बसे, लेखणी उडे आणि प्रत्येक फेरीत त्याच जागी रेघेला खोच पडे. नंदानं दुरुस्ती मागितली. "असल्या भंगारावर खर्च नको," साहेब म्हणाले. तिनं तो खोच मोजला, वहीत लिहिला आणि प्रत्येक मापातून वगळला. साहेबांनी मात्र माझ्याकडे फिरून पाहिलं नाही, ना तिची वही उघडली.

बेडकांसाठी नंदा स्वतः वाडीवर जाऊ लागली. "कोंडूभाऊ, तुमच्याशिवाय माझं काम अडतं," ती म्हणायची. तीन उन्हाळे तिनं रेघा काढल्या. उत्तर सापडलं. झोपेतही निरोप जातो, फक्त सावकाश जातो. पोरगी आनंदानं एकटीच हसत होती.

साहेबांनी रेघा तपासायला म्हणून नेल्या आणि महिन्याभरानं सांगितलं, "हे कच्चं आहे. तुम्ही दुसरा विषय घ्या." त्यानंतर आमच्याच सभागृहात परिषद भरली. पाहुण्यांना यंत्रं दाखवण्यासाठी मलाही कोपऱ्यात मांडलं होतं. समोरच्या भिंतीवर नंदाच्या रेघा आणि खाली साहेबांचं नाव! "हे प्रयोग मी स्वतः साठ साली केले," असं ते छाती काढून सांगत होते. नंदाची मुदत संपायला दोन महिने उरले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बनारसचे एक वृद्ध प्राध्यापक चष्मा सावरत रेघांजवळ गेले. "प्रत्येक रेघेत ठरावीक जागी एक खोच दिसतो. हा मज्जातंतूचा की यंत्राचा?"

साहेब क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "मज्जातंतूचा! तोच तर माझा मुख्य शोध."

अहाहा! मित्रांनो, या एका वाक्यासाठी मी तीन वर्षं अडखळत फिरलो होतो.

नंदा उठली. "सर, मी हे यंत्र बेडूक न लावता चालवून दाखवते." तिनं शांतपणे काजळी धरली, लेखणी टेकवली, किल्ली दिली. मी फिरलो. जीव ओतून फिरलो. मोडका दात आला आणि रेघेला खोच पडला. तोच, तिथंच. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

साहेबांचं तोंड उतरलं, पण हार मानतील तर ते साहेब कसले! "असेल, दात आधीपासूनच मोडका असेल. प्रयोग साठ सालचेच आहेत."

तेव्हा नंदानं दाराकडे पाहिलं. तिनं बोलावून ठेवलेला कोंडू आत आला. त्यानं पत्र्याच्या डबीतून घडी घातलेला कागद काढून प्राध्यापकांच्या हातात दिला. त्यांनी मोठ्यानं वाचला. "कायमोग्राफ निष्काळजीपणे पाडून चाकाचा दात मोडल्याबद्दल कामावरून कमी." तारीख, बारा मे बासष्ट. खाली साहेबांची सही.

"सायेब," कोंडू म्हणाला, "तुमचंच अक्षर हाय न्हवं?"

रेघा भिंतीवरून उतरल्या, नंदाच्या हाती परत आल्या आणि तिला मुदतीत पदवी मिळाली. साहेब रजेवर गेले ते परतले नाहीत. कोंडूला कामावर बोलावलं, तर तो म्हणाला, "बेडकं देईन ताईला. पर ह्या दारात चाकर म्हून न्हाई येयाचा." जाताना त्यानं माझ्या ढोलावरून हात फिरवला.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, धूळ पुसा आणि हातून मोडलं तर मी मोडलं म्हणा. गरिबावर आळ घेऊ नका.

माझा दात अजून मोडकाच आहे. मिस्त्री दोनदा आला, नंदाताईंनी दोनदा परत पाठवला. आता त्या इथंच शिकवतात आणि दर जूनला पहिल्या दिवशी नव्या मुलांना मला बेडूक न लावता चालवायला लावतात. खोच पडतो. मुलं विचारतात, हा कुणाचा? नंदाताई साहेबांचं पूर्ण नाव सांगतात, पदव्यांसकट. मुलं ते वहीत लिहून घेतात.