चौथ्या पानावरचं छत

तुम्ही ते पत्र वाचलेलं नाही. उगाच खोटं बोलू नका. पहिलं पान वाचलंत, त्यातली स्तुती चाखलीत, मिशा पुसल्यात आणि उठलात. शाळेचं छत चौथ्या पानावर होतं. तिथवर तुमच्यातला एकही माणूस पोचला नाही.

इन्साफ हे मनातल्या मनात म्हणत नव्हती. इर्बिद शहरातल्या आपल्या इंग्रजीच्या शिकवणीत, संगणकाच्या पडद्यावर बोट रोखून ती मोठ्यानं म्हणत होती. पडद्यावर त्या परदेशी मदतसंस्थेचं पान उघडं होतं. मुफ्लेह इंजिनियरांचा हसरा फोटो, आणि खाली त्यांच्याच पत्रातली ओळ: 'आपल्या उदार हातांनी आमच्या मुलींची तहान भागवली.'

"फोटो बरा आलाय," मुफ्लेह म्हणाले.

"अबू कर्रम, थट्टा पुरे," इन्साफनं त्यांना मुलाच्या नावानं हाक मारली. "छत कुठं आहे यात?"

"पत्रात लिहिलंय ना, बाई."

"कुठं?"

मुफ्लेहनी चार बोटं दाखवली.

डोंगरावरच्या त्या गावात मुलींची शाळा आहे. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, म्हणून संस्थेनं छतावर मोठाल्या लोखंडी टाक्या चढवल्या. टाक्या हव्याच होत्या, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण छत जुनं, आतले गज गंजून गेलेले. मुफ्लेहनी खालून हातोडी ठोकली तर सिमेंटचा पोपडा पहिलीच्या बाकावर पडला. रिकाम्या टाक्या ते छत कसंबसं पेलत होतं. गुरुवारी पाणी आलं, टाक्या भरल्या, म्हणजे संपलं. ठेकेदार म्हणाला, "माझं काम टाक्या जोडायचं. थांबवायचं असेल तर संस्थेकडून लेखी आणा." म्हणून पत्र.

मुफ्लेहांचं इंग्रजी कच्चं नव्हतं. परदेशातल्या विद्यापीठात शिकलेले. इंग्रजीतून भांडायचे, इंग्रजीतून शिव्या द्यायचे. पण लिहायला बसले की त्यांच्यातला आजोबा जागा व्हायचा. आधी सलाम, मग प्रकृतीची चौकशी, मग आभार, मग पुन्हा आभार, आणि सगळं 'आणि'नं बांधलेलं, आगगाडीच्या डब्यांसारखं. अख्ख्या पानात एक पूर्णविराम. स्वल्पविराम मात्र भाकरीवर झातरचा मसाला भुरभुरावा तसे, हात जाईल तिथं.

"पूर्णविराम द्यायला तुमचं काय जातं हो?" इन्साफनं विचारलं.

"पूर्णविराम म्हणजे बोलता बोलता समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं."

"दार नाही, पायरी आहे ती. पाय टेकायचा, मग पुढची चढायची. तुम्ही त्यांना एका उडीत गच्चीवर बोलावताय. ते खालीच राहिले."

"बाई, मागणं घेऊन गेलेला माणूस काय करतो? यजमान कॉफी देतो, हा पेला समोर ठेवतो, पीत नाही. यजमान विचारतो, काय हवंय? मग बोलायचं. आल्या आल्या ओरडायचं नसतं."

आता इन्साफला उमगलं. हा भला माणूस तीन पानं पेला समोर ठेवून बसला होता. कुणीतरी विचारील, काय हवंय, म्हणून. आणि तिकडच्यांना वाटलं, पाहुणा कॉफीवर खूश आहे.

"तुमचं चुकलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही चुकीच्या घरात बसलात. त्या घरात कुणी विचारत नाही. लिहा. पहिलं वाक्य, छत पडेल."

"सलाम?"

"नाही."

"निदान आशा आहे की आपण…"

"आशा गुरुवारनंतर."

त्यांनी लिहिलं. टाक्या भरल्या तर छत पडेल. खाली पहिलीचा वर्ग बसतो. गुरुवारी पाणी येणार आहे. भरणं थांबवण्याचा हुकूम आजच पाठवा. प्रत्येक वाक्याशेवटी टिंब देताना मुफ्लेहांचा चेहरा असा व्हायचा, जणू सख्ख्या मामाचा अपमान करतायत. पत्र गेलं.

उत्तर आलं, तेही लगेच. म्हणजे वाचता येत होतं त्यांना!

'आपल्या पत्रातील सुराबद्दल खेद वाटतो. आमचे सहकारी सन्मानपूर्ण संवादाची अपेक्षा ठेवतात. आपण मांडलेला मुद्दा योग्य वेळी विचारात घेतला जाईल. सोबत स्पष्ट व सौजन्यपूर्ण इंग्रजी लेखनाची मार्गदर्शिका जोडली आहे.'

मुफ्लेह हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "बाई, तुमच्यापेक्षा स्वस्त शिकवणी मिळाली मला."

इन्साफ हसली नाही. आयुष्यभर तिनं या खोलीत डॉक्टरांना, नर्सना, इंजिनियरांना एकच सांगितलं होतं: नीट लिहा, थोडक्यात लिहा, म्हणजे जग ऐकेल. तिच्या हातचं स्वच्छ वाक्य त्यांनी वाचलं. त्यातलं छत सोडलं आणि सूर तेवढा धरला. गोड लिहावं तर भिंतीवर लावतात. सरळ लिहावं तर शिष्टाचार शिकवतात. मग वाचतात तरी कधी? ढिगाऱ्याखालून लिहिल्यावर?

"उठा," ती म्हणाली. "गाडी काढा."

गुरुवारी सकाळी ते शाळेत पोचले तेव्हा नळ खरखरायला लागला होता. मुख्याध्यापिका झकिया पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, हुकूम मागितला नाही. मुफ्लेहनी नुसतं वर बोट दाखवलं. झकिया थेट मुख्य कॉकपाशी गेल्या, तो करकचून बंद केला, त्याचा दांडा उपसून काढला आणि पर्समध्ये टाकला. ठेकेदार धावत आला.

"अहो, पाणी आजच येतं! आठवडाभर काय पिणार पोरी?"

"बाटल्या आणतील घरून."

"लेखी काय आहे तुमच्याकडे?"

"दांडा आहे," झकिया म्हणाल्या. "घ्यायचा असेल तर ये."

त्याला पुढे यायचं धाडस झालं नाही. अडलेलं पाणी कॉकच्या अलीकडच्या जोडातून गळून रस्त्याकडेच्या गटारात वाहून जात होतं आणि पोरी खिडकीतून बघत होत्या.

तिथंच, झकियांच्या टेबलावर, इन्साफनं तिसरं पत्र लिहिलं. मुफ्लेह शेजारी बसले. या वेळी त्यांनी एकही 'आणि' सुचवला नाही. फक्त एक वाक्य घालायला लावलं, शेवटच्या आधीचं. तिनं ते घातलं.

'कॉक आम्ही बंद केला आहे. मुली घरून पाणी आणतात. टाक्या अजून त्यांच्या डोक्यावर आहेत. पहिलीचा वर्ग आम्ही अंगणात बसवला आहे. आमच्या रिवाजाप्रमाणे पेला तुमच्यासमोर ठेवला आहे आणि आम्ही तो पिणार नाही. टाक्या कधी उतरवणार, ते सांगा.'